सत्तेचाळीस नंबरचं कुलूप

मंगळवार, ४ मार्च

दुपारी कडी वाजली. तीनदा, मोजून. दार उघडलं तर एक वयस्कर गृहस्थ उभे. बगलेत जाड वही, शर्टाच्या खिशाला टेस्टर. ह्यांच्या खिशालाही तसाच असायचा. मी जरा वेळ दार धरूनच उभी राहिले.

"वहिनी, मी वायरमन लोकांच्या युनियनमधून आलोय. मला सगळे तीनदा काका म्हणतात. तुम्हीही म्हणा, मला राग येत नाही."

"तीनदा कशावरून?"

"मी शिकवतोच तसं. लाइन बंद आहे का हे बघायचं, तर आधी टेस्टर चालू लाइनवर लावा. पेटला? बरं. मग बंद लाइनवर लावा. आणि मग पुन्हा चालूवर, मधल्या वेळात टेस्टरच मेला नाही ना म्हणून. तीस वर्षं हेच बडबडतोय."

मला गंमत वाटली. हे जाऊन चौदा महिने झाले. घरात येणारा प्रत्येक जण आधी "कशा आहात?" विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आधी भिंतीवरच्या फोटोकडे बघतो. ह्या माणसाने पहिल्या पाच मिनिटांत मला काहीतरी नवीन सांगितलं.

मग त्यांनी वही उघडली. युनियनमधल्या प्रत्येक वायरमनला नंबर घातलेलं एक लाल कुलूप मिळतं. किल्ली एकच. कामाला हात घालायच्या आधी मेन स्विच बंद करायचा आणि त्याला स्वतःचं कुलूप घालायचं, म्हणजे आपला हात तारेत असताना दुसरं कोणी स्विच चालू करणार नाही. ज्याने घातलं त्यानेच काढायचं. लावल्याची तारीख, काढल्याची तारीख, सगळं वहीत.

सत्तेचाळीस नंबर ह्यांचा. लावल्याची तारीख आहे. काढल्याचा रकाना कोरा.

"धुलाई कारखान्यात आहे," काका म्हणाले. "इस्पितळाच्या चादरी धुतात तिथे. जुन्या भागाच्या मेन स्विचला. तो भाग बंदच होता, म्हणून कोणाला अडचण झाली नाही. आता नवा ठेकेदार आलाय, त्याला भाग चालू करायचाय. कुलूप कापतो म्हणतोय. आम्ही नाही म्हटलं. तुमच्याकडे किल्ली असेल. फॉर्मवर 'गैरहजेरीत किल्ली कोणाकडे' असा रकाना असतो. तिथे त्यांनी लिहिलंय, बायकोकडे."

मी म्हटलं, शोधून ठेवते.

शोधायची काही गरज नव्हती. ह्यांची हत्यारांची पिशवी दारामागच्या खुंटीवर आहे आणि किल्ली तिच्यातच असणार. तसं सांगितलं का नाही, ते मला ठाऊक नाही. पिशवीवर धूळ होती, परक्या माणसासमोर कशी काढायची, असं काहीतरी असेल.

बुधवार, ५ मार्च

पिशवी काढली. पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, चार फ्यूज, काळ्या टेपचं अर्धं रीळ. टेपचं टोक दुमडलेलं. हे टेप कापली की शेवटचं टोक नखभर आत दुमडून चिकटवायचे. रिळावर, तारेवर, माझ्या मसाल्याच्या पुडीवरसुद्धा. म्हणायचे, "पुढच्या माणसाला टोक शोधत बसायला नको." किल्ली खाली तळाशी होती. एवढीशी. ४७ कोरलेलं.

जायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, हे जेवताना गप्प होते. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "सोमवारी सांगतो." रविवारी सकाळी दाढी करता करता मोरीत खाली बसले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय.

सोमवारी काय सांगणार होते? चौदा महिन्यांत मी सगळं धरून बघितलं. दुखणं लपवलं होतं का? मुलीच्या लग्नाचं काही? माझंच काही चुकलं होतं? मी त्याच आठवड्यात त्यांच्या युनियनवरून भांडले होते. सभेला जातात म्हणजे सतरंजीवर बसून भाषणं ऐकतात आणि फुकटचा चहा पितात, असं म्हणाले होते. वर्गणी भरून फुकटचा कसा, असं ते म्हणाले. मी हसले नाही. हसायला हवं होतं.

शनिवार, ८ मार्च

धुलाई कारखान्याचा ठेकेदार येऊन गेला. फळांची पिशवी आणली होती. खुर्चीच्या टोकावर बसला, पाणी मागून प्याला. माणूस सभ्य वाटला.

मुलीबद्दल आधीच ऐकून होता. तिला घरात सगळे भुंगा म्हणतात. लहानपणी प्रश्नांची भुणभुण लावायची म्हणून ह्यांनीच ठेवलेलं नाव. वायरमनचा कोर्स करून वर्ष झालं. पंखे, बेल, कोणाचं बटण बिघडलं, एवढीच कामं मिळतात. परवा एका बाईंनी दार उघडून तिच्या पाठीमागे बघत विचारलं, "आणि वायरमन कधी येणार?" ही शिडी खांद्यावर घेऊन उभी.

ठेकेदार म्हणाला, "जुन्या भागाला मला कायमचा वायरमन हवाय. तुमची मुलगी घेतो. घरापासून चालत दहा मिनिटं. फक्त दोन गोष्टी. एक, किल्ली मला थेट द्या, उगाच सभा-ठराव नकोत. दोन, तिने युनियनच्या भानगडीत पडू नये. हुशार मुलगी आहे, कशाला सतरंजीवर बसवता?"

माझंच वाक्य. मला जरा चमत्कारिक वाटलं.

जाताना म्हणाला, "पहिल्या दिवशी तो स्विच तिच्याच हाताने चालू करू. वडिलांची लाइन मुलीच्या हाताने. आम्हालाही बरं वाटेल." माझे डोळे भरून आले. अशी माणसं अजून आहेत.

रविवार, ९ मार्च

वन्सं आल्या होत्या. ह्यांची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते. सगळं ऐकून म्हणाल्या, "मग अडलंय कुठे? किल्ली दे आणि मोकळी हो. कुलपाला काय कवटाळून बसायचंय?"

"सापडत नाहीये," मी म्हटलं. किल्ली माझ्या मुठीत होती.

भुंगा म्हणाली, "आई, शोध ना. मला लोकांच्या दारावरच्या बेल दुरुस्त करून कंटाळा आलाय."

वन्सं गेल्यावर मी किल्ली परत पिशवीत ठेवली. त्या म्हणतात तसं कवटाळणं वगैरे काही नाही. फक्त मला वाटलं, आपण काय देतोय ते तरी नीट माहीत करून घ्यावं. शाळा चौथीत सुटली तेव्हापासून माझं असंच आहे. पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकवत नाही. आणि ह्यांची युनियन मी कधी वाचलीच नाही.

मंगळवार, ११ मार्च

युनियनच्या कचेरीत गेले. सायकलच्या दुकानावर जिना चढून एक खोली. सतरंजी नाही! लाकडी बाकं, फळा, एक मोडका पंखा. वायरमन लोकांच्या खोलीतला पंखा मोडका, हे मी काकांना बोलून दाखवलं. म्हणाले, "ठराव झालाय. चार वेळा."

भिंतीवर खिळ्यांची फळी आहे. प्रत्येक खिळ्याखाली नंबर, खिळ्यावर लाल कुलूप. काही जागा रिकाम्या, म्हणजे ती कुलपं आज कुठेतरी लागलेली आहेत. सत्तेचाळीसचा खिळा मी बघून घेतला. त्याच्यावर कोळ्याने जाळं केलंय.

नियमांचं पुस्तक मागून घेतलं आणि बाकावर बसून दोन तास वाचलं. मला वाटलं होतं मागण्या आणि घोषणा असतील. निम्मं पुस्तक तर काम कसं करायचं ह्याचंच आहे. उंचावर एकट्याने चढायचं नाही. जिवंत तारेवर काम सांगितलं तर नाही म्हणायचा हक्क, आणि नाही म्हटलं म्हणून कामावरून काढलं तर युनियन मागे उभी. दर बुधवारी नवीन यंत्रांचा वर्ग. भाजलं, पडलं तर इस्पितळात कोण जाणार, घरी कोण सांगणार, हेसुद्धा लिहिलंय. हे गेले त्या दिवशी नऊ अनोळखी माणसं आली होती आणि न विचारता सगळं बघत होती. मला वाटलं होतं ह्यांचे मित्र असतील. त्यांतली निम्मी ह्यांना ओळखतसुद्धा नव्हती, पाळी होती म्हणून आली होती, असं काका म्हणाले. मला हे आज कळलं.

सगळंच गोड नाही. कामाच्या यादीत नंबर लागायला सहा महिने जातात. बायका सभासद दोनच. मी ते काकांना विचारलं. म्हणाले, "खरंय. लाजिरवाणं आहे."

कपाटात एक वेगळी वही दिसली, काळ्या पुठ्ठ्याची. विचारलं, तर म्हणाले, "ती चुकांची वही. ज्याच्या हातून चूक झाली त्याने स्वतः लिहायची. महिन्याच्या पहिल्या सोमवारी वाचायची. हसायचं नाही, शिक्षा नाही, बाहेर न्यायची नाही. मालकाला सांगितलं तर नोकरी जाते, मग माणूस लपवतो, आणि लपवलेल्या चुकीवर दुसरा मरतो. म्हणून वही."

अशी वही प्रत्येक घरात हवी, असं मनात आलं.

शेवटी विचारलं, "ह्यांनी कुलूप का घातलं होतं?"

"तेच माहीत नाही ना. कुलपाला चिठ्ठी आहे त्यांच्या हातची. 'उघडू नका. सोमवारी वर बघतो.' एवढंच."

"सोमवारी?"

"हो. का?"

मी निघाले. खाली उतरताना जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला.

ठेकेदाराने मला चिठ्ठीचं सांगितलंच नाही. विसरला असेल.

गुरुवार, १३ मार्च

भुंगाला सांगितलं, किल्ली आहे, पण ठेकेदाराला देणार नाही. आधी वर काय आहे ते युनियनने बघायचं, मग कुलूप काढायचं.

खूप बोलली. "आई, नोकरी होती ती! कायमची! तू बाबांच्या कुलपासाठी माझी नोकरी घालवलीस." मग म्हणाली, "बाबा युनियनमध्ये होते, म्हणून काय मिळालं आपल्याला?"

मी चिठ्ठीतली दोन वाक्यं सांगितली. ती थांबली. तोंड तसंच रागाचं, पण डोक्यात चक्र फिरायला लागलं ते मला दिसलं. "वर?" म्हणाली. "मेन स्विच खाली आहे. वर काय बघायचं होतं?"

अर्ध्या तासाने बघते तर पिशवीतून ह्यांचा टेस्टर काढून पुसत बसली होती.

ठेकेदाराला निरोप पाठवला होता. त्याचा उलटा निरोप आला, शनिवारी दुपारी कटर लावून कुलूप कापणार. फळांचं काही म्हणाला नाही. काका कारखान्याच्या मालकाकडे गेले. चालू भागात कामाला असलेले दोन्ही वायरमन युनियनचे आहेत. सभासदाचं कुलूप कापलं तर त्या क्षणी ते हत्यारं खाली ठेवतील, असं नियमातच आहे. मालकाने शनिवारी सकाळचा एक तास दिला. एकट्या बाईने जाऊन मागितला असता तर फाटकावरच्या पहारेकऱ्याने तरी आत सोडलं असतं का?

शनिवार, १५ मार्च

सविस्तर लिहिते, म्हणजे काही सुटणार नाही.

कारखान्याचा जुना भाग म्हणजे लांबलचक खोली. मशिनं काढून नेलीयत, फरशीवर त्यांचे चौकोन उरलेत. भिंतीपलीकडे चालू भाग, तिथल्या वाफेने भिंत कोमट लागते. कोपऱ्यात मेन स्विच. त्याला ह्यांचं कुलूप. मी हात लावला नाही. चिठ्ठीवरचं अक्षर मात्र वाचलं. 'सोमवारी' मधला 'स' ते नेहमी असाच घाईने काढायचे.

ठेकेदार घड्याळ बघत उभा होता. "बंद स्विच आहे हो. बंदच्या खाली काय असणार?"

काका भुंगाला म्हणाले, "ताई, तुम्ही बघा. तीनदा."

तिने टेस्टर आधी शेजारच्या चालू बोर्डावर लावला. लाल ठिपका. मग मेन स्विचचं झाकण काढलं आणि खालच्या बाजूच्या तारेला लावला, जी बंद असायला हवी.

लाल ठिपका.

मला काही कळलं नाही, पण काकांनी हात आडवा करून सगळ्यांना मागे सारलं. भुंगाने टेस्टर पुन्हा चालू बोर्डावर लावून बघितला. पेटला. टेस्टर ठीक होता.

"बंद स्विचखाली वीज आहे," ती म्हणाली. "म्हणजे दुसरीकडून येतेय."

चालू भागाची लाइन बंद करायला लावली, काकांनी तिथे स्वतःचं कुलूप घातलं. पुन्हा तीनदा बघितलं. मग भुंगा शिडीवर चढून छताखालच्या फळ्या सरकवायला लागली. काका शिडी धरून. बराच वेळ नुसती धूळ पडत होती. मग तिचा आवाज आला. "इथे जोड आहे. ही तार भिंतीतून पलीकडे गेलीय, सुकवणीच्या खोलीत."

काकांनी मला समजावलं ते असं. पूर्वी कधीतरी सुकवणीच्या खोलीची लाइन जळाली असेल. चादरी अडून राहू नयेत म्हणून कोणीतरी जुन्या भागातून तात्पुरती तार ओढून दिली. नंतर जुना भाग बंद झाला, सुकवणीला दुसरीकडून नवी लाइन आली, पण तात्पुरती तार तशीच राहिली. आता तीच तार उलटी वीज घेऊन येत होती. वरून एक वीज, खालून दुसरी. त्यात कोणी हा स्विच चालू केला असता, तर दोन्ही एकमेकींना भिडून स्विचच्या तोंडातून जाळ आला असता. चालू करणाऱ्याच्या तोंडावर.

चालू करणाऱ्याच्या. पहिल्या दिवशी, तिच्या हाताने.

मी ठेकेदाराकडे बघितलं. तो कपाळ पुसत होता. त्याला माहीत नव्हतं, एवढं मी म्हणेन. पण विचारलंही नव्हतं.

वरून भुंगा म्हणाली, "काका, ह्या टेपचं टोक..."

"खाली या आधी," काका पटकन म्हणाले.

"काका, टोक दुमडलेलं..."

"ताई, आधी जोड सोडवा आणि खाली या. धुळीत किती वेळ बसणार?"

जोड काढला. तारेची दोन्ही टोकं बंद केली. मग काका म्हणाले, "वहिनी, किल्ली." मी कुलूप उघडलं. अडकलं नाही, सहज निघालं. काकांनी वहीतला रकाना भरला, मी खाली सही केली.

ह्यांनी ओळखलं होतं! कोणाची तरी चूक ह्यांच्या लक्षात आली, म्हणून गप्प होते, आणि जाता जाता हे कुलूप घालून गेले. एवढी वर्षं झाली संसाराला, पण आज मला ह्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नव्हता.

रविवार, १६ मार्च

वन्संना सगळं सांगितलं. दोनदा. भाजीवालीलाही सांगितलं. भुंगा काही बोलत नाही. नोकरी गेली म्हणून असेल. ठेकेदाराने दुसरा माणूस घेतला म्हणे.

मंगळवार, १८ मार्च

तीन दिवस धड जेवली नाही. आज मी ताट समोर ठेवून म्हटलं, "काय ते बोल, नाहीतर मीही जेवत नाही."

"आई, तो जोड बाबांचा होता."

मी म्हटलं, काहीतरीच काय?

तिने उठून पिशवीतलं टेपचं रीळ आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. पुढे काही सांगावं लागलं नाही.

सहा वर्षांपूर्वी हे सुकवणीच्या खोलीचं काम करत होते, ते मलाही आठवतं. सलग दोन दिवस घरी आले नव्हते. डबा मीच फाटकापर्यंत नेला होता. तात्पुरती तार ह्यांनीच ओढली आणि काढायची ह्यांच्याकडूनच राहिली. त्या शनिवारी कोणी जुना भाग चालू करू म्हटलं असेल, ह्यांनी टेस्टर लावला असेल, आणि तो लाल ठिपका.

"ते सोमवारी काढणार होते," भुंगा म्हणाली.

"हो."

"काकांनी नोंदीत लिहिलंय, जोड करणारा माहीत नाही. त्यांना माहीत आहे, आई. माझ्याकडे बघतच नव्हते. मी त्यांना सांगून आले, जी युनियन असं लिहिते तिच्यात मी येणार नाही."

ती झोपायला गेली. मी जेवले नाही. हे गेल्यानंतर मला पहिल्यांदा ह्यांचा राग आला. नुसता नाही, चांगला कडकडून. माझी मुलगी त्या स्विचसमोर उभी राहिली असती. आणि किल्ली मी दिली असती.

शुक्रवार, २१ मार्च

दोन दिवस काही लिहिलं नाही. आज कचेरीत गेले.

काका एकटेच होते. मला बघून चहा मागवायला उठले. मी म्हटलं, "चहा नंतर. चुकांची वही काढा."

"वहिनी..."

"'माहीत नाही' असं का लिहिलंत?"

काकांनी खिशातला टेस्टर काढला, परत लावला. मग म्हणाले, "त्या दिवशी किल्ली फिरवताना तुमचा चेहरा बघितला मी. मग नाही लिहवलं."

"माझा चेहरा मी बघून घेईन. ह्यांनी कुलूप का घातलं? लपवायचं असतं तर गुपचूप वर चढून जोड काढला असता, कोणाला कळलंही नसतं. कुलूप घातलं, चिठ्ठी लावली, वहीत तारीख घातली. इथे येऊन लिहिणार होते ते. सोमवारच होता ना सभेचा?"

काकांनी मागची पानं चाळली. हे गेले त्याचा दुसरा दिवस, सोमवार. महिन्यातला पहिला.

"होता," म्हणाले. "पण नियम आहे वहिनी, ज्याची चूक त्यानेच लिहायची. दुसऱ्याने लिहिली की ती चुगली होते. मेलेल्या माणसाच्या नावावर तर काहीही घालता येईल."

हे मला पटलं, खोटं कशाला सांगू. चांगला नियम आहे. मी बाकावर बसून विचार केला. मग म्हटलं, "तुमच्या फॉर्मवर गैरहजेरीत किल्ली बायकोकडे चालते ना? मग चूक का नाही चालत?"

काका उठले. मग कपाटाची किल्ली काढली.

"सुरुवात ठरलेली असते," वही पुढे करत म्हणाले. "'माझ्याकडून असं झालं', इथून."

मी लिहिलं, 'माझ्या घरातून असं झालं.' विचारलं, बदलू का?

"राहू द्या."

दीड पान झालं. वही बाहेर जाणार नाही, पण नोंद खोटी राहायला नको, म्हणून कारखान्याच्या मालकालाही काका खरं काय ते कळवणार आहेत. ठेकेदार आता गावभर सांगेल, बघा युनियनचा वायरमन. सांगू दे. खरंच आहे.

घरी आल्यावर भुंगाला सांगितलं. तिने ताट वाढून घेतलं, आणि माझंही वाढलं.

सोमवार, ७ एप्रिल

संध्याकाळी सहाची सभा. तीसेक माणसं. मला पुढच्या बाकावर बसवलं. भुंगा मागे, दाराजवळ, कधीही उठून जाता येईल अशी.

दुसऱ्या कोणाच्या दोन चुका आधी वाचल्या. एकाने घाईत तारेचा रंग न बघता अर्थिंगची तार चुकीच्या जागी जोडली होती. वाचताना त्याचे कान लाल झाले होते. कोणी हसलं नाही.

मग मी उभी राहिले. चार माणसांत मोठ्याने वाचायची ही पहिलीच वेळ. आवाज बरा लागला. तात्पुरती तार, सहा वर्षं, बंद स्विचखालची वीज, कुलूप, चिठ्ठी, किल्ली मागायला आलेला माणूस, आणि स्विचसमोर कोण उभं राहणार होतं ते, सगळं वाचलं. ह्यांचं नाव वाचलं.

वाचून झाल्यावर इथे कोणी चुकीवर बोलत नाही. ज्याला आपलं काही आठवलं त्याने उठून फक्त जागा सांगायची. मला हे माहीत नव्हतं. सगळे गप्प, तेव्हा मला वाटलं चूक झाली वाचून.

मागच्या बाकावरचा एक जाडजूड गृहस्थ उठला. "पिठाची गिरणी. मागची खोली. दोन वर्षं झाली. उद्या काढतो, म्हणून तात्पुरती तार ठेवलीय."

मग दुसरा. "शाळेचं स्वयंपाकघर. पाण्याची मोटर."

"लाकडाची वखार. वखारवाला म्हणाला, चालतंय तर चालू दे."

एकेक जण उठत होता, जागा सांगून बसत होता. काका फळ्यावर लिहायला लागले. त्यांचा हात पुरेना, तेव्हा भुंगा दाराजवळून उठून पुढे आली, त्यांच्या हातातला खडू घेतला आणि तिने लिहायला सुरुवात केली. शेवटी उठले ते स्वतः काका. "माझं घर. गच्चीवरचा दिवा. नऊ वर्षं." तेव्हा मात्र सगळे हसले. काकांनीच हसायची परवानगी दिली.

अकरा जागा झाल्या. यादी उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे, अक्षर बरं आहे म्हणून.

निघताना भुंगाने सभासदाचा फॉर्म मागितला. तिथेच भिंतीला टेकवून भरला. मला काही विचारलं नाही. मीही मान वाकडी करून वाचला नाही, जरी फार वाटत होतं.

मंगळवार, ८ एप्रिल

सकाळी गिरणीची जागा सांगणारा तो जाडजूड वायरमन दारात. "वहिनी, ताई आहे का? आधी माझं काढू. गिरणी बंद ठेवायला सांगून आलोय."

संध्याकाळी आली ती डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. पीठ आणि धूळ. गिरणीतला जोड सांगितला त्याहून वाईट निघाला, नुसता कागद गुंडाळलेला. हातपाय न धुताच सांगत होती आणि मी विचारत होते. कागद कसला? तार कुठून कुठे जात होती? आधी कोणती सोडवली? मी यादीतली पहिली ओळ खोडली.

मग म्हटलं, "शाळेचं स्वयंपाकघर मी कधी आतून बघितलं नाही. उद्या येऊ का?"

"तू काय करणार तिथे?"

"बघेन."

ती हात धुवायला उठली. "नुसतं बघायला नाही मिळणार. दोन माणसं लागतात आणि उद्या काकांचा वर्ग आहे. शिडी धरशील? पण मी वर असेपर्यंत सोडायची नाही. कोणी हाक मारली तरी."

"नाही सोडणार."

"आणि गप्पा नाहीत."

"ते जमेल का, बघते," मी म्हटलं.

उद्या दहाला निघायचं आहे. जुन्या चपला काढून ठेवल्यात. ह्या घसरत नाहीत.